आठवं बोट

थॉर्नफर्ड, सफोक
संत मायकेलचा सण होऊन तीन दिवस झाले, १५३०

जर्व्हिसदादा,

तू पाठवलेलं मंजिष्ठेच्या तांबड्या रंगाचं पिंप पोचलं आणि पिंपाच्या पोटात जे होतं तेही पोचलं. गलबतवाल्या पिअर्सने ते दारात आणून टाकलं तेव्हा आमचे हे घरातच होते. "एवढं जड कसं गं?" म्हणाले. मी म्हटलं, रंग ओला असेल. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ह्यांचं असंच आहे, जे कळून घ्यायचं नसतं ते ह्यांना कधी कळत नाही.

मेणकापडामुळे पुस्तकं कोरडी राहिली, फक्त पानांच्या कडा तांबड्या झाल्यात. केवढंसं ते पुस्तक रे, तळहातावर मावतं! आपल्या साध्या इंग्रजीत प्रभूचे शब्द, आणि एवढ्याशा चोपडीसाठी माणसं पकडत हिंडतात. मी संध्याकाळी दाराला आडणा घालून आईला वाचून दाखवते. ती चरखा फिरवत ऐकते आणि मध्येच म्हणते, "हे मला कळलं. लॅटिनमध्ये म्हणायचे तेव्हा वाटायचं, देव पण परदेशीच आहे."

आता भांडण ऐक. डोंगरावरच्या उपदेशापर्यंत आलो, ते 'धन्य, धन्य' असं ज्यात येतं ते. आई तुला ठाऊक आहे, बोटं मोजल्याशिवाय तिला काही पाठ होत नाही. दोन्ही अंगठे मुडपायचे आणि आठ बोटांवर आठ 'धन्य' म्हणायचे. आजोबांनी त्यांच्या हाताने उतरवलेल्या वहीतून तिला तसंच शिकवलं होतं. मी वाचत गेले, ती बोटं मिटत गेली, आणि शेवटी एक बोट उभंच राहिलं.

"एक गाळलंस," म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा बोट उभं.

"रडणाऱ्यांचं कुठे गेलं?"

"आई, इथे सातच आहेत गं."

"मग तुझ्या भावाने खाल्लं असेल. लहानपणीही ताटातलं न विचारता उचलायचा."

हसू येतं, पण बाईसाहेब खरंच रुसून बसल्यात. शेजारची एमट आणि विणकर आळीतली आणखी काही माणसं आईकडूनच पाठ करून घेतात, त्यांना वाचता येत नाही. आई त्यांना आठ सांगते, मी सात वाचते, ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघतात. तेव्हा तू एकदाचं सांगून टाक, सात की आठ? पान तुझ्याच नजरेखालून गेलंय ना.

काळजी करू नकोस, आम्ही जपून आहोत. आईच्या बाहीवर ती कापडाची मोळी अजून शिवलेली आहे. मी लहान असताना आजोबांची वही जाळून तिला चर्चसमोर खांद्यावर लाकडं देऊन उभं केलं होतं, तेव्हापासूनची. पुन्हा सापडली तर लाकडं खांद्यावर नाही, पायाखाली येतील, हे तिलाही कळतं. कुणी विचारलंच तर सांगायचं ठरलंय, की सर्व संतांच्या दिवशी पाद्री व्यासपीठावरून हेच इंग्रजीत समजावून सांगतात, तिथे ऐकलं. खोटंही नाही ते.

तुझी टॅमसिन

अँटवर्प
२० ऑक्टोबर

टॅमे,

आईला म्हणावं, मी खाल्लं नाही! सातच आहेत.

छापखान्यात काम कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. आमचा लीवेन अक्षरांचे खिळे जुळवतो. तो इथला फ्लेमिश माणूस, इंग्रजीचं ओ की ठो त्याला कळत नाही. समोरच्या छापील प्रतीतलं एकेक अक्षर बघतो आणि खिळा उचलतो. आम्हाला तेच हवं असतं. इंग्रजी येणारा असता तर चार शब्द पदरचे घातले असते. तो जुळवतो, मग ओलं पान माझ्यापुढे येतं आणि मी ते डोळे फुटेस्तोवर वाचतो. उलटं पडलेलं अक्षरसुद्धा माझ्या हातून सुटत नाही, मालक योरिस तर मला 'ससाणा' म्हणतो.

आजोबांची वही मला आठवते. पण ती लॅटिनवरून केलेली, आणि उतरवणारे कोण, तर गोठ्यात लपून बसलेले शेतकरी. एकाने घातलं, दुसऱ्याने खरं मानून उतरवलं. व्यासपीठावरच्यांचं तर बोलूच नकोस. प्रभू म्हणाले 'पश्चात्ताप करा', ह्यांनी त्याचं केलं 'प्रायश्चित्त भरा', आणि त्या एका शब्दावर केवढा बाजार मांडला! अशांना एखादं 'धन्य' वाढवायला काय जातं? आपलं पुस्तक थेट ग्रीकवरून इंग्रजीत आणलंय. ज्यांनी आणलं ते गृहस्थ त्यापायी घरदार सोडून परमुलखात लपून बसलेत. त्यांच्या शब्दांत आपण आपल्या आजोबांचं मिसळायचं नाही.

तेव्हा ते बोट मिटू दे. आणि एमटला आणि बाकीच्यांना नीट सातच शिकव. जिवावर उदार होऊन आम्ही हे पाठवतो आणि लोकांच्या तोंडी चुकीचं बसलं तर काय उपयोग?

वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

जर्व्हिस

थॉर्नफर्ड
१२ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा म्हणाली, "माझा बाप खोटं शिकवणारा नव्हता." दुसऱ्यांदा ऐकून चरखा फिरवायला बसली. सकाळी उठले तर चुलीपाशी बसून बोटांवर सात म्हणत होती. मला बघून म्हणाली, "पोरगं शिकलंय, त्याला ठाऊक. आपण काय, ऐकीव." आता तीच सगळ्यांच्या मागे लागलीय. एमटच्या तोंडून परवा जुनं आठवं निसटलं तर काय ओरडली तिच्यावर! "माझ्या जर्व्हिसने तपासलंय ते, तू मोठी लागून गेलीस!"

इथे एक गंमत चालली आहे. बिशपसाहेबांचे कुणी धर्मशास्त्राचे डॉक्टर पॅल्फ्री म्हणून आलेत. आम्ही घाबरून पुस्तकं रंगाच्या हौदाखाली पुरली. पण ते ना प्रसादाच्या भाकरीबद्दल विचारत, ना पोपबद्दल. चर्चमध्ये एकेकाला बोलावतात, बसायला बाक देतात आणि म्हणतात, "सर्व संतांच्या दिवशी उपदेशात काय ऐकलंत, तेवढं सांगा." बस्स! आम्ही जे उत्तर तयार ठेवलं होतं, तेच त्यांनी विचारलं. लोक हसत बाहेर येतात.

आमच्या ह्यांना आधी बोलावलं. ह्यांनी आठ म्हटली. घरी आल्यावर मी म्हटलं, "आठ कुठली, सात असतात!" तर म्हणाले, "मला काय ठाऊक? पाद्री दरवर्षी ओरडतात ते कानात राहिलं." आईने त्यांना समोर बसवून सात घोटून घ्यायला सुरुवात केली, हे बसल्याबसल्या झोपले.

एमटने मात्र घडाघडा सात म्हटली. डॉक्टर म्हणाले, "छान पाठ आहे हो तुमचं," आणि नाव लिहून घेतलं. एवढी फुशारलीय की विचारू नकोस.

उद्या आईची आणि माझी पाळी. आई न्हाऊन, डोक्याला स्वच्छ फडकं बांधून बसलीय.

टॅमसिन

अँटवर्प
१५ नोव्हेंबर

टॅमे,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण त्याची वाट बघायला वेळ नाही. हे पोचताच हातातलं काम टाक आणि वाच.

आठ आहेत. आईचं बरोबर होतं.

काल एक लंडनचा कापडवाला छापखान्यात आला. त्याच्याजवळ जर्मनीत छापलेली पहिली प्रत होती, जिच्यावरून आमची जुळवली गेली ती. सहज म्हणून मी ते पान काढलं. गरिबांच्या ओळीखाली रडणाऱ्यांची ओळ आहे. आमच्यात नाही. प्रत्येक ओळ 'धन्य' शब्दानेच सुरू होते, त्यामुळे लीवेनची नजर एका 'धन्य'वरून उडी मारून पुढच्या 'धन्य'वर गेली. त्याला भाषा कळत नाही, त्याला काय कळणार काय सुटलं ते. मला कळते. मी ते पान वाचलं, आणि वाचताना मला काही कमी वाटलं नाही. आईला चुलीपाशी बसून जे कळलं ते मला समोर कागद असून कळलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा पहिली प्रत मागवून बघायची, एवढंसुद्धा मी केलं नाही.

पण मी लाज वाटून लिहीत नाहीये. तो कापडवाला हसत हसत म्हणाला, की बिशपच्या माणसांना हे कधीच कळलंय. ते लोकांकडून 'धन्य' म्हणवून घेतात. जो आठ म्हणतो त्याने व्यासपीठावरून ऐकलं. जो सात म्हणतो त्याने आमचं पुस्तक वाचलं. पुस्तक शोधायचीसुद्धा गरज पडत नाही म्हणे.

आईला सांग, एमटला सांग, सगळ्यांना सांग. आठ म्हणा! ती ओळ मी इथे लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती लागलं तर आणखी घोटाळा. आईला ती पाठच आहे.

वारा उलटा आहे, नदीत बर्फ धरतंय, गलबतं खोळंबलीत. मी रोज धक्क्यावर जातोय. पिअर्सच्या पाया पडलो, तो म्हणतो वाऱ्याच्या पाया पड.

जर्व्हिस

थॉर्नफर्ड
नाताळ उलटून दुसरा दिवस

दादा,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी मिळालं. आईला तेरा नोव्हेंबरलाच नेलं.

कसं झालं ते सांगते. आईला आत बोलावलं तेव्हा ती चर्चच्या दारात थबकली. मला म्हणाली, "टॅमे, ते रडणाऱ्यांचं सारखं जिभेवर येतंय गं. आत निसटलं तर?" मी म्हटलं, "दादाने सांगितलंय तेवढंच म्हण." दादा, मी तिला ढकललं थोडं पाठीवर हात ठेवून. दार उघडंच होतं, मी बाहेरून सगळं बघत होते. तिने अंगठे मुडपले आणि एक एक बोट मिटत सात म्हटली. न चुकता. मग ते एक बोट उभं राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणि हे हो, इझॉटबाई?" आई म्हणाली, "ते रिकामंच असतं, साहेब."

त्यांनी मेजाच्या खणातून लहानसं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे ते पान उघडून ठेवलं. तसंच, आपल्याकडचं. ते ओरडले नाहीत की काही नाही. बाहीवरची मोळी चिमटीत धरून म्हणाले, "ही तर तुमची दुसरी वेळ." मग मला बोलावलं. मीही सातच म्हटली, दादा. दुसरं काही येतच नव्हतं.

एमट, मी आणि आळीतली बाकीची, आमची पहिली वेळ. आम्ही शपथ घेतली, की इंग्रजी पुस्तक खोटं आणि ते आम्हाला दाखवणारे सैतानाचे. मी तुझं नाव नाही घेतलं, पण तुलाच म्हटलं ते. आता माझ्याही बाहीवर मोळी आहे. आमचे हे तेवढे सुटले, कारण ह्यांनी तुझं पुस्तक कधी कान देऊन ऐकलंच नाही.

तुझं पत्र घेऊन मी तुरुंगात गेले. पहारेकऱ्याने भाकरी तपासली, मला आत सोडलं. मी आईच्या कानात सांगितलं, आठ होती, छापताना एक गळली. तुला वाटेल ती रडली. छे रे! टुणकन उठून बसली. "मी म्हटलं होतं ना! म्हटलं होतं की नाही? माझा बाप खोटं शिकवणारा नव्हता!" इतकी खूश झाली की पहारेकरी बघायला आला. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. "चुकलं असेल गं त्याचं, एवढाल्या बारीक अक्षरांत."

तिने डॉक्टरांकडे निरोप धाडला, की मला पुन्हा म्हणू द्या, आठवं मला येतं. ते म्हणाले, "आता कुणीतरी शिकवलं असेल."

आणि एक झालंय. ती ओळ म्हणायला गेली तर तिला पुरती येईना. "रडणारे धन्य, कारण..." इथवर येते आणि अडते. म्हणते, "जर्व्हिसने नको म्हटलं म्हणून इतकी दाबून बसवली खाली, आता वरच येत नाही बघ." सारखं तेच घोकत बसते. इथे कुणाला विचारू? एमटलाही आता तेवढी सुरुवातच आठवते. ज्यांना येतं ते माझी बाही बघून दार लावतात आणि पाद्र्याला तर विचारायची सोय नाही. आमचे हे म्हणतात, सगळीच एकात एक मिसळलीत डोक्यात. तू पुढचं तेवढं लिहून पाठव, मी तिला सांगेन.

बाकी मला काही सुचत नाही. तू शिकलेला आहेस, काही करता येत असेल तर कर.

टॅमसिन

अँटवर्प
२२ जानेवारी

टॅमे, माझ्या बाई,

तुझं पत्र वाचलं.

मी निघालोच होतो. कपडे बांधले, धक्क्यावर गेलो. पिअर्सने बखोट धरून मागे ओढलं. "तू जाऊन सांगणार काय? की चूक माझी, पुस्तक आमचं, आईकडे मीच पाठवलं? अरे, त्यांना हेच तर सिद्ध करायचंय! तू गेलास तर लाकडं तेवढी दुप्पट लागतील." मी त्याला मारलं, टॅमे. त्याने मारू दिलं.

मग इथल्या इंग्रज व्यापाऱ्यांकडे गेलो. त्यांनी बसवून घेतलं, बिअर दिली आणि सांगितलं, की अशा भानगडीत आम्ही पडत नाही. एका वकिलाला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं, बाई दुसऱ्यांदा सापडली असेल तर कायद्यात पुढे काही नाही. मालक योरिसकडे गेलो, त्याला म्हटलं, तुझ्या छापखान्याने माझी आई मारली. तो वाईट माणूस नाही, त्याचे डोळे भरले. पण म्हणाला, "पुस्तकं तर गेली सगळीकडे, आता मी काय करू? पुढच्या छपाईत घालू." पुढच्या छपाईत! लीवेनला सांगितलं तर तो पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला तर सगळ्या ओळी सारख्याच दिसतात रे."

कोठारात अजून न बांधलेल्या प्रती पडल्यात. मी रोज काम सुटलं की त्या घेऊन बसतो आणि एकेका पानाच्या समासात ती गळलेली ओळ हाताने लिहितो. बोटं काळी पडलीत. ह्याने आईचं काही होणार नाही, मला कळतं. पण दुसरं काही हातात नाही, आणि नुसतं बसवत नाही.

तिला म्हणावं, मला माफ कर. नाही, असं म्हणू नकोस, ती लगेच करील. तिला म्हणावं, तुझं पोरगं शिकलेलं नाही, गाढव आहे. मी रोज प्रार्थना करतोय. तू मला सगळं कळवत राहा.

जर्व्हिस

थॉर्नफर्ड
१९ मार्च

दादा,

झालं. गेल्या शुक्रवारी झालं.

तुला सगळं कळव म्हणालास म्हणून लिहिते. ज्यांच्या बाहीवर मोळी आहे त्यांनी लाकडं वाहून न्यायची, असा हुकूम होता. एमटने नेली, मी नेली. आदल्या दिवशी आईला भेटायला सोडलं होतं, तेव्हा मी तिला हे सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण कुणा परक्याकडून कळण्यापेक्षा बरं, असं वाटलं. तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "बरं झालं, तू आहेस. कोरडी बघून आण हो. ओल्या लाकडाच्या धुराने मला ठसका लागतो." मी कोरडी आणली, दादा. शेतावरच्या ढिगातून निवडून निवडून आणली. आमचे हे बरोबर आले होते, त्यांनी बांधून दिली. घरी आल्यापासून ते जेवत नाहीत.

तुझं पत्र त्याच्या आठवडाभर आधी आलं होतं. मी ते फोडलं ते आधी ओळ शोधत. उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं, उलटवून मागे बघितलं. पिअर्स आहे, धक्का आहे, वकील आहे, योरिसचे डोळे आहेत. प्रत्येक प्रतीच्या समासात तू ती लिहितोयस हेही आहे. ती ओळ नाही. दादा, मी एवढी एकच गोष्ट मागितली होती रे, आणि ती तुला जमण्यासारखी होती.

शेवटच्या दिवशी आईने विचारलं, "आलं का गं जर्व्हिसचं?" मला 'नाही' म्हणवेना. म्हटलं, "आलं. त्याने लिहिलंय, रडणारे धन्य, कारण त्यांचं कुणीतरी ऐकेल." मी मनाने बनवलं ते. आई थोडा वेळ तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होती. मग म्हणाली, "नाही गं. असं नव्हतं." आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पण हेही बरं आहे. राहू दे."

तिथे तिला साखळीने बांधलं, पण कोपरापासून हात मोकळे होते. तिने अंगठे मुडपले आणि बोटं मिटायला लागली. मोठ्याने म्हणत होती. पहिलं म्हटलं, मग 'रडणारे धन्य' म्हणून थांबली. माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी सांगीन म्हणून थांबली होती. मला काय येत होतं? मग ते बोट तसंच उभं ठेवून तिने पुढची म्हटली. शेवटपर्यंत पोचली का ते मला माहीत नाही, लाकडं कोरडी होती.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागवायला काही उरलेलं नाही. घरात चरखा आहे, तिचं डोक्याचं फडकं आहे. एमट येते, दोघी बसतो, बोटं कुणी मोजत नाही. फक्त आता मला ते माहीत असायला हवं. सांग, काय आहे पुढे? रडणारे धन्य, ते का?

टॅमसिन

अँटवर्प
९ एप्रिल

टॅमे,

रडणारे धन्य, कारण त्यांचं सांत्वन केलं जाईल.

एवढंच आहे. ह्या वेळी मी नीट तपासलंय. जर्मनीतल्या प्रतीत बघितलं, लॅटिनमध्ये बघितलं, आणि ग्रीक येणाऱ्या एका म्हाताऱ्या शिक्षकाकडे जाऊन त्याच्याकडून शब्दनशब्द लावून घेतला. सगळीकडे तेच आहे, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. कोण करणार आणि कधी, ते कुठल्याच प्रतीत दिलेलं नाही.

जर्व्हिस